नाचणीचं पीठ, खोबरेल आणि न दिसणारे जंतू

"हात धू, हातावर जंतू असतात," असं आपण मुलांना दिवसातून कितीदा तरी सांगतो. चार वर्षांचं मूल तळहात उलटसुलट करून बघतं. चिखल नाही, शाई नाही, काहीच नाही. "खंय आसत? माका दिसनत नाय!" असं ठणकावून सांगणारं एखादं तरी मूल बालवाडीत असतंच, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच असतं. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, जे टोचत नाही, ते आहे म्हणून का मानायचं? मग मूल मोठ्यांच्या धाकाने बोटांची टोकं पाण्याखाली धरतं, चड्डीला पुसतं आणि ताटावर येऊन बसतं.

हे मानणं शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही जड गेलं होतं. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की, शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाच्या खोलीत येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवरून काहीतरी बाळंतिणींपर्यंत पोहोचतंय. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभराला दोनच्या आसपास आलं. एवढे आकडे समोर असूनही अनेक सहकाऱ्यांना त्याचं म्हणणं पटलं नाही. हातावरचं ते 'काहीतरी' त्याला कुणाला दाखवता येत नव्हतं. जंतूंमुळे रोग होतात हे लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या कामातून पक्कं झालं, तोवर सेमेलवाइस हयात नव्हता. तो १८६५ साली गेला.

तेव्हा बालवाडीतल्या मुलानेही "दाखवा" म्हटलं, तर ते रास्तच आहे. जंतू आपल्याला दाखवता येणार नाहीत. पण हातावरची वस्तू तोंडापर्यंत कशी जाते आणि साबण तिचं नेमकं काय करतो, या दोन गोष्टी कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरातलं सामान घेऊन दाखवता येतात. मूल हात धुवायला लागतं ते या दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर, असा माझा अनुभव आहे.

आधी मोठ्यांनी थोडं समजून घ्यायला हवं. जंतू हा आपला सरसकट शब्द. त्यात जिवाणू येतात, विषाणू येतात, बुरशी येते, डोळ्यांना न दिसणारे परजीवीही येतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांबीचा असतो, म्हणजे १ मिलिमीटरच्या रेघेवर असे ५०० जिवाणू एकामागे एक मावतील. विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्यांना वाढायला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. जिवाणूंना मात्र ऊब, ओल आणि खाणं मिळालं की पुरतं. आपल्या हवेत ऊब आणि ओल या दोन्हींचा तुटवडा बाराही महिने नसतो.

लहान मुलांना मायक्रोमीटर सांगून काही हाती लागत नाही. त्यांना एकाचे दोन, दोनाचे चार होताना दाखवावं. त्यासाठी समुद्रकाठच्या पुळणीवरून शिंपले गोळा करून आणावेत (अगदी बारीक नकोत, तीन वर्षांची मुलं ते नाकात-तोंडात घालतात). मध्ये एक शिंपला ठेवायचा. टाळी वाजली की जितके शिंपले असतील तितकेच आणखी आणून ठेवायचे. एक, दोन, चार, आठ, सोळा. सुरुवातीला मुलं आरामात उठतात. पाचव्या-सहाव्या टाळीला धावाधाव होते आणि त्यानंतर शिंपलेच संपतात. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर एकाचे दोन व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. या हिशेबाने दहा टाळ्या म्हणजे ३ तास २० मिनिटं, आणि एकाचे १०२४. दुपारचा उघडा राहिलेला भात संध्याकाळी का खायचा नाही, हेही यातच सांगून होतं.

पीठ आणि तेल

आता मुख्य खेळ. याला लागतं खोबरेल तेल, नाचणीचं पीठ, पाणी आणि अंगाचा साधा साबण. प्रत्येक मुलाच्या तळहातावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि दोन्ही हातांना, मागच्या बाजूलाही, नीट चोळायला सांगावं. मग ताटलीत पसरलेल्या पिठावर हात दाबायचे. हात लालसर तपकिरी होतात. हे आपले आजचे जंतू, असं म्हणायचं. 'असे असतात' म्हणू नये, 'आपण असं समजू या' म्हणावं. खोटं-खोटं मानून खेळणं मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

लगेच हात धुवायला पाठवू नये. आधी पाच मिनिटं भातुकली खेळू द्यावी. कुणी बाहुलीला उचलतं, कुणी चेंडू दुसऱ्याकडे टाकतं, कुणाच्या नाकाला खाज येते. मग सगळ्यांनी मिळून पीठ कुठे कुठे गेलं ते शोधायचं. दाराच्या कडीला, बाहुलीच्या गालाला, शेजारच्याच्या कोपराला, आणि हटकून कुणाच्या तरी ओठाला. ज्याने पिठात हात घातलाच नाही, अशा एका मुलाला मुद्दाम बाजूला ठेवलेलं असावं. त्याच्याही बोटांना पीठ लागलेलं निघतं, कारण चेंडू त्याने झेललेला असतो. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बाकीच्यांना जे शिकवतं, ते माझ्या दहा वाक्यांनी शिकवून झालं नसतं. डोळे आले की घरात एकामागून एक सगळ्यांचे का येतात, याचंही उत्तर इथेच आहे.

पिण्याच्या पाण्याचं तेवढं वेगळं दाखवावं, कारण आपल्याकडे तो प्रश्न मोठा आहे. दोन पातेल्यांत पाणी घ्यायचं. एकात पीठ लागलेल्या हाताने पेला बुडवून पाणी काढायचं, दुसऱ्यातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने. पहिल्या पातेल्यात बोटं बुडली की पिठाचे कण पाण्यावर तरंगू लागतात, तेलाचे डोळे उमटतात. दुसरं पाणी नितळ. पहिल्यातलं पाणी पिशील का, असं विचारलं की मुलं तोंड वाकडं करतात. हा खेळ पालकसभेत आयांसमोर केला तर आणखी बरं. ओगराळं असूनही ते खुंटीला आणि पेला हंड्यात, असं पुष्कळ घरांत चालतं. शिगेला नावाचा आमांशाचा जिवाणू दहा ते शंभर इतक्या कमी संख्येनेही माणसाला आजारी पाडू शकतो, हे लक्षात घेतलं की हंड्यात बुडालेली दोन बोटं किरकोळ वाटत नाहीत.

मग हात धुणं. पहिल्यांदा नुसतं पाणी. हातावर पाणी ओतलं की त्याचे मणी होऊन ओघळतात. वरवरचं पीठ जातं, पण तेलकट थर हलत नाही, रेघांत आणि नखांच्या कडांना पीठ अडकून राहतं. आता साबण. फेस तपकिरी होतो, पाणी गढूळ होतं, हात दिसू लागतात. तरीही मुलांनी आपल्याआपण धुतले तर काही जागा राहतातच. "बाई, आंगठ्याक पीठ रवला!" हे मुलाला स्वतःला दिसायला हवं. आपण बोट दाखवायची घाई करू नये.

याच खेळासाठी बरेच जण हळद, रांगोळी किंवा चमकी वापरतात. मला ते पटत नाही. हळदीचा डाग साबणानेही पुरता जात नाही, मग धुवून उपयोग होत नाही असंच मूल शिकतं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती लहान मुलांच्या नाकात जाऊ नये. चमकी प्लॅस्टिकची असते, ती गटारातून व्हाळात आणि व्हाळातून समुद्रात जाते. नाचणीचं पीठ तोंडात गेलं तरी बिघडत नाही.

साबण करतो काय

फणस कापताना आपण विळीला आणि हातांना आधी खोबरेल लावतो. तरीही चीक लागलाच तर पाण्याने कितीही धुवा, तो आणखीच चिकटतो. तेल चोळलं की सुटतो, आणि मग ते तेल साबणाने निघतं. साबणाचं सगळं काम या शेवटच्या पायरीत आहे. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. हात चोळले की तेलाकडची टोकं हातावरच्या तेलकट थरात रुततात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि तेलाचे बारीक गोळे साबणाने वेढले जाऊन पाण्याबरोबर वाहून जातात. आपल्या कातडीवर नेहमीच थोडा तेलकटपणा असतो आणि जंतू त्यातच धरून बसतात. तो थर गेला की तेही जातात.

काही विषाणूंचं याहून जास्त नुकसान होतं. फ्लू आणि कोरोना यांच्या विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते फोडतो. पण लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसला तसलं आवरण नाही. तो हातावर मरत नाही, निघून जातो. म्हणून चोळणं आणि वाहतं पाणी या दोन गोष्टींना पर्याय नाही. पाणी गरम हवं असंही नाही, विहिरीचं गार पाणी चालतं. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा महाग साबण घेण्याची गरज नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली घरगुती साबणांतल्या ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक रसायनांवर बंदी घातली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. राखेने हात घासायची जुनी पद्धत घासण्यापुरती ठीक, पण घरात साबण असेल तर साबणच वापरावा. मातीने मात्र अजिबात घासू नये, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

इथे मिरपुडीच्या प्रयोगाबद्दल बोलायलाच हवं, कारण मोबाइलवर तो सगळीकडे फिरतो. बशीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरवायची, बोटाला साबण लावून मध्ये टेकवायचं, की मिरपूड झर्रकन कडेला पळते. बघा, जंतू साबणाला घाबरून पळाले! दिसायला छान आहे, पण घडतं ते वेगळंच. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मध्यभागी कमी होतो आणि कडेचं पाणी वरच्या थराला आपल्याकडे खेचून घेतं. यातून मूल हेच शिकतं की साबणाला नुसतं बोट लावलं तरी जंतू पळतात. आपल्याला तर नेमकी उलटी सवय लावायची आहे: फेस करून चोळत राहायचं. चौथी-पाचवीच्या मुलांना पृष्ठताण शिकवताना हा प्रयोग जरूर करावा. बालवाडीत करू नये.

चोळायचं किती वेळ? साबण लावून निदान २० सेकंद. लहान मुलांना सेकंद कळत नाहीत, म्हणून आम्ही बोटांना माशांची नावं दिली आहेत. तर्जनी बांगडा, मधलं बोट सुरमई, त्याच्या शेजारचं पेडवा, करंगळी सुंगट म्हणजे कोळंबी, आणि अंगठा कुर्ली म्हणजे खेकडा. प्रत्येक मासा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून तीनदा घासायचा. कुर्ली बाजूला सरकून पळते म्हणून तिला पाच वेळा. एका हाताचं झालं की दुसऱ्या हाताचं. मग तळहातावर नखं खरवडायची, ती खवलं. शेवटी हाताची पाठ आणि मनगट. अंगठा आणि बोटांची टोकं या हात धुताना सगळ्यात जास्त सुटणाऱ्या जागा आहेत, मोठ्यांच्याही. आणि जंतूंचा भरणा नखांखालीच अधिक असतो. नखं कापलेली असली की अर्धं काम झालं. सगळी मासळी घासून होईस्तोवर २० सेकंद सहज जातात. घरी बाबा हात धुताना कुर्ली विसरले तर मुलं ओरडतात, अशा तक्रारी आया हसत हसत सांगतात.

केव्हा धुवायचे हेही पक्कं हवं: शी करून आल्यावर आणि काही खाण्याआधी. या दोन वेळा चुकवायच्याच नाहीत. मोठ्यांसाठी आणखी दोन. बाळाची शी धुतल्यावर, आणि कच्ची मासळी साफ केल्यावर. तान्ह्याच्या शीला काही होत नाही, हा समज अजून बऱ्याच घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. नियमित साबणाने हात धुण्याने मुलांमधला जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर दिसून आलं आहे.

पावाचा तुकडा, आंबोळीचं पीठ

पावाचा प्रयोगही पुष्कळ ठिकाणी करतात. एक तुकडा न धुतलेल्या हातांनी चाचपून पिशवीत बंद करायचा, एक धुतलेल्या हातांनी, एक चिमट्याने उचलून. पावसाळ्यात आपल्याकडे चार-पाच दिवसांतच निळी-हिरवी बुरशी दिसू शकते. प्रयोग चांगला, पण भरवशाचा नाही. बुरशीचे बीजाणू हवेतही असतात आणि धुतलेला हात ओलसर राहिला असेल तर त्या तुकड्यालाच आधी बुरशी येऊ शकते. तसं झालं तर खरं कारण सांगावं, निकाल लपवू नये. पिशवी कधीही उघडायची नाही, बंदच्या बंद टाकून द्यायची. दम्याच्या मुलाजवळ तर ती नेऊही नये.

त्याच आठवड्यात आंबोळीचं पीठही दाखवावं. रात्री भिजवलेलं, सकाळी फुगून वर आलेलं, जाळीदार, आंबूस वासाचं. हेही जंतूंचंच काम, आणि दह्याचंही. हे दाखवणं मला फार गरजेचं वाटतं. सुळेवाले, शिंगंवाले, तलवारी घेतलेले जंतू चित्रांतून बघून काही मुलं खरोखर घाबरतात. मातीत हात घालत नाहीत, दुसऱ्याचा हात धरत नाहीत, पुन्हा पुन्हा हात धुऊन कातडी कोरडी करून घेतात. आजारी पडलेल्या मित्राला 'जंतूवाला' म्हणून चिडवलं जातं, ते तर त्याहून वाईट. मूल चिखलात मनसोक्त खेळलं पाहिजे, पुळणीवर खड्डे खणले पाहिजेत. जेवायच्या आधी साबणाने हात धुतले की झालं.

खेळाने समज येते. सवय लागते ती साबण आणि पाणी हाताशी असल्यामुळे. आमच्याकडे पावसाळ्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. अशा वेळी नळ सोडून २० सेकंद चोळणं कुणालाच परवडणार नाही. हात ओले करायचे, पाणी बंद करायचं, चोळून झाल्यावर पेलाभर पाणी ओतून घ्यायचं. यासाठी टिप्पी टॅप उत्तम. पाच लिटरच्या कॅनला तोंडाजवळ एक भोक पाडून तो आडव्या काठीला टांगायचा आणि त्याच्या गळ्याची दोरी खाली जमिनीजवळच्या काठीला बांधायची. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो, बारीक धार लागते. हाताने कशालाच शिवावं लागत नाही, आणि मुलांना पायाने पाणी काढायची एवढी मजा वाटते की बोलवावं लागत नाही. सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात बुडवणं मात्र बंद करावं.

पावसाळ्यात साबणाची वडी चिखलासारखी होते. भोक पाडलेल्या करवंटीत थोडा काथ्या घालून वर वडी ठेवली की पाणी निथळतं. खरी अडचण टॉवेलची. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि सगळ्यांचा मिळून एकच पंचा खिडकीत ओला लोंबत असतो. त्याला धुतलेले हात पुसणं म्हणजे धुतलेलं घालवणं. हात झटकून हवेवर वाळवावेत, नाहीतर प्रत्येकाचा छोटा रुमाल वेगळा असावा आणि तो चुलीवर किंवा इस्त्रीने कोरडा करावा.

सॅनिटायझर प्रवासात ठीक, त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के असायला हवं. मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि जंतांच्या अंड्यांचं त्याने काही होत नाही. ती चिवट असतात, नखांत अडकतात. ती घालवायला साबण, पाणी आणि नेलकटरच लागतो. शिवाय १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारीच्या सुमारास, अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती चुकवू नये.

आणि एका रोगाच्या बाबतीत नुसत्या हात धुण्यावर भिस्त ठेवता येत नाही, तो म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). उंदीर-घुशींच्या, गुरांच्या मुतातून त्याचे जंतू भाताच्या चोंढ्यात आणि साचलेल्या पाण्यात उतरतात आणि कातडीवरच्या जखमेतून, ओरखड्यातून, डोळ्या-नाकातून शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असलेल्या मुलाला शेतातल्या पाण्यात उतरू देऊ नये, उतरलंच तर घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवून जखम कोरडी करून झाकावी. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर चिखलातलं खेळणं सगळे विसरलेले असतात. दवाखान्यात नेल्यावर मूल कधी आणि कुठल्या पाण्यात खेळलं होतं, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगावं.